ऑस्कर फॉन मिलर: तळ्यात ठेवलेली वीज

जर्मनीतल्या म्युनिक शहरातून इझार नावाची नदी वाहते. नदीच्या मधोमध एक बेट आहे आणि त्या बेटावर एक भलेमोठे संग्रहालय आहे. त्याचे नाव डॉइचेस म्युझियम. तुमच्यापैकी जे जर्मनीत राहतात, त्यांतले काहीजण शाळेच्या सहलीला तिथे जाऊनही आले असतील. बटण दाबलं की चाक फिरतं, दांडा ओढला की पाणी वर चढतं, अशी यंत्रे तिथे आहेत. हे संग्रहालय ज्यांनी उभे केले, त्यांचे नाव ऑस्कर फॉन मिलर. पण या पाठात आपण संग्रहालयाबद्दल थोडंच वाचणार आहोत. मिलर यांचे मुख्य काम होते वीज. आणि विजेबद्दलचा जो प्रश्न त्यांना जन्मभर पुरला, त्यावर जर्मनीत आजही रोज वाद चालतो.

प्रश्न असा आहे. तांदूळ डब्यात भरून ठेवता येतो. लोणचं तर वर्षभर टिकतं. विजेचं तसं नाही. वीज ज्या क्षणी तयार होते, त्याच क्षणी ती कुठेतरी वापरावी लागते. मग संध्याकाळी सगळ्यांनी एकदम दिवे लावले, तर तेवढी वीज आणायची कुठून? एक मार्ग म्हणजे इंधन जवळ ठेवायचं: कोळसा, तेल, गॅस, किंवा अणुभट्टीतलं युरेनियम. (युरेनियम लाकडासारखं पेटत नाही बरं का. त्याचे अणू फुटतात आणि उष्णता बाहेर पडते. पण आपल्या हिशेबाला तेही इंधनच.) दुसरा मार्ग म्हणजे वीज वेगळ्या रूपात साठवायची आणि हवी तेव्हा परत काढायची. पहिल्या मार्गात इंधन कोणाकडून येणार, ही काळजी असते. दुसऱ्या मार्गात साठा पुरेल का, ही काळजी असते. मिलर यांच्या आयुष्यात या दोन्ही काळज्या पुन्हा पुन्हा येतात.

ऑस्करचा जन्म ७ मे १८५५ रोजी म्युनिकमध्ये झाला. त्याचे वडील फर्डिनांड हे धातूचे पुतळे ओतणारे नामांकित कारागीर होते. म्युनिकमध्ये बव्हेरियाचा सुमारे १८ मीटर उंच ब्राँझचा पुतळा आहे. तो फर्डिनांड यांच्याच देखरेखीखाली ओतला गेला. (बव्हेरिया हे जर्मनीच्या दक्षिणेकडचे राज्य. तेव्हा तिथे राजा होता.) घर मोठे होते, भावंडे पुष्कळ होती, आणि वितळलेला धातू, भट्ट्या, साचे हे सगळे मुलाच्या रोजच्या पाहण्यातले होते. ऑस्कर मोठा होऊन इंजिनिअर झाला. पण विजेचा नव्हे. त्या काळी विजेचे इंजिनिअर असे कोणी नव्हतेच. तो पूल, रस्ते, पाणी यांचे काम शिकला आणि बव्हेरिया सरकारच्या नोकरीत लागला.

१८८१ मध्ये पॅरिसला विजेचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. मिलर तिथे गेले. आता त्यांना आपण ‘ते’ म्हणू या, कारण ते सव्वीस वर्षांचे सरकारी अधिकारी होते! तिथे त्यांनी एडिसनचे दिवे पाहिले. घरी परतले ते एकच विचार डोक्यात घेऊन: असे प्रदर्शन म्युनिकलाही झाले पाहिजे. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, त्यांनी ते भरवले सुद्धा.

त्या प्रदर्शनातला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. म्युनिकपासून ५७ किलोमीटरवर मीसबाख नावाचे गाव आहे. तिथे कोळशाच्या खाणी होत्या. मिलर आणि फ्रेंच इंजिनिअर मार्सेल देप्रे यांनी मीसबाखला एक यंत्र बसवले आणि तिथली वीज तारायंत्राच्या साध्या लोखंडी तारेतून म्युनिकपर्यंत आणली. त्या विजेवर प्रदर्शनात एक पंप चालला आणि पंपाने एक छोटासा धबधबा तयार केला. लोक बघायला गर्दी करत. कोळसा गाडीत न भरताच त्याची ताकद शहरात येते, ही कल्पनाच नवी होती. पण खरं सांगायचं तर प्रयोग अर्धवटच होता. बरीचशी वीज वाटेतच तार तापवण्यात वाया गेली, आणि यंत्रेही मधूनमधून बिघडत.

यानंतर मिलर बर्लिनला गेले. एमिल राटेनाउ नावाच्या उद्योजकाने १८८३ मध्ये तिथे एडिसनच्या पद्धतीने वीज देणारी कंपनी काढली होती. पुढे तीच कंपनी ‘ए. ई. जी.’ या नावाने जगभर ओळखली गेली. मिलर तिथे संचालक झाले. १८८५ मध्ये या कंपनीने बर्लिनच्या मध्यभागी वीजघर सुरू केले. त्या काळची वीजघरे कशी असत, माहीत आहे? भर शहरात, घरांच्या शेजारी, कोळशावर चालणारी वाफेची इंजिने. धूर, आवाज, थरथर. वीज एक-दोन किलोमीटरच्या पलीकडे नीट जात नसे, म्हणून वीजघर गिऱ्हाइकाच्या दारातच बांधावे लागे.

मग हळूहळू जर्मनीतल्या पुष्कळ वीजघरांत बॅटऱ्या आल्या. शिसे आणि आम्ल वापरून केलेल्या, काचेच्या मोठ्या मोठ्या भांड्यांतल्या बॅटऱ्या. हागेन शहरात त्यांचा कारखानाच निघाला. (‘व्हार्टा’ ही बॅटरीची कंपनी ऐकली आहे ना? तिचे मूळ तिथले.) दिवसा विजेला मागणी कमी, तेव्हा बॅटऱ्या भरायच्या. रात्री इंजिने बंद केली तरी दिवे बॅटरीवर चालत. म्हणजे वीज साठवायची कल्पना आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी ती रोजच्या वापरात होती. पण एका शहरातले काही हजार दिवे वेगळे आणि अख्खा देश वेगळा, हे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला हिशेब करायचा आहे.

१८९० च्या सुमारास मिलर यांनी नोकरी सोडली आणि म्युनिकला स्वतःची कचेरी उघडली. लगेचच त्यांच्या आयुष्यातले एक मोठे काम आले. १८९१ मध्ये फ्रँकफर्टला विजेचे प्रदर्शन भरणार होते आणि त्याची तांत्रिक बाजू मिलर सांभाळत होते. त्यांनी ठरवले की नेकार नदीवरच्या लाउफेन गावातून फ्रँकफर्टपर्यंत वीज आणायची. अंतर होते सुमारे १७५ किलोमीटर! मुंबईहून पुण्यापेक्षाही लांब. लाउफेनला सिमेंटच्या कारखान्यात नदीच्या पाण्यावर चालणारे टर्बाइन होते. (टर्बाइन म्हणजे पाण्याच्या किंवा वाफेच्या जोराने फिरणारे चाक.)

नऊ वर्षांपूर्वीचा मीसबाखचा प्रयोग फसला होता तो तारेतल्या उष्णतेमुळे. या वेळी उपाय सापडला. दाब, म्हणजे व्होल्टेज, खूप वाढवायचा. दाब वाढला की तेवढीच ताकद नेण्यासाठी तारेतला प्रवाह कमी लागतो. प्रवाह कमी, म्हणून तार कमी तापते, म्हणून वीज वाचते. लाउफेनच्या तारेत सुमारे १५,००० व्होल्टचा दाब होता. यंत्रे चार्ल्स ब्राउन आणि मिखाइल डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की या दोन इंजिनिअरांनी बनवली. खांबांवर कवटीचे चित्र रंगवले होते, म्हणजे कोणी हात लावू नये. पुष्कळ जाणत्या लोकांना वाटत होते की हे जमणार नाही, सगळी वीज वाटेतच संपेल. ऑगस्ट १८९१ मध्ये फ्रँकफर्टला हजार दिवे पेटले आणि एक उंच कृत्रिम धबधबा कोसळू लागला. मोजून पाहिले तेव्हा सुमारे ७५ टक्के ताकद पोहोचली होती.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण त्या दिवसापासून नदीला शहराकडे नेण्याची गरज उरली नाही. शहर जिथे आहे तिथे राहू दे, नदी जिथे आहे तिथे राहू दे, मधे तार टाका. बव्हेरियाला याचा सर्वांत जास्त उपयोग होता. बव्हेरियात चांगला कोळसा फारसा नव्हता. तो दूरच्या रूर भागातून किंवा सायलेशियातून रेल्वेने यायचा. पण बव्हेरियाच्या दक्षिणेला आल्प्स पर्वत आहेत, आणि पर्वतातून खाली येणारे पाणी आहे. त्या पाण्याला लोक तेव्हा ‘पांढरा कोळसा’ म्हणत.

आता आपण त्या तळ्याकडे येऊ.

म्युनिकच्या दक्षिणेला, डोंगरात, वाल्खेनझे नावाचे तळे आहे. (जर्मनमध्ये ‘झे’ म्हणजेच तळे. त्यामुळे ‘वाल्खेनझे तळे’ म्हणणे म्हणजे ‘गरम गरम पाणी’ म्हणण्यासारखे, दोनदा एकच. तरी आपण म्हणू या, सोपे पडते.) या तळ्याच्या जवळच, पण सुमारे २०० मीटर खाली, दुसरे तळे आहे, कोखेलझे. वरचे तळे आणि खालचे तळे, मधे एक डोंगर. इंजिनिअरला हे चित्र दिसले की त्याचा हात शिवशिवतो. डोंगरातून बोगदा काढा, पाणी नळांतून खाली सोडा, खाली टर्बाइन बसवा.

ही कल्पना मिलर यांची एकट्याची नव्हती. त्यांच्या आधीही काही जणांनी सुचवली होती. पण मिलर यांनी ती राज्यभराच्या योजनेत बसवली. त्यांचे म्हणणे असे की एकेका गावाने आपापले छोटे वीजघर चालवणे हा पैशांचा अपव्यय आहे. डोंगरातली सगळी वीज उंच दाबाच्या तारांच्या एका जाळ्यात सोडा आणि ते जाळे संपूर्ण बव्हेरियावर पसरवा. नद्यांवरची साधी वीजघरे दिवसभर सारखी चालू राहतील, कारण नदी थांबत नाही. आणि जेव्हा मागणी एकदम वाढेल, तेव्हा वाल्खेनझेचा दरवाजा उघडा. नको तेव्हा बंद करा. पाणी कुठे जात नाही, तळ्यातच बसून राहते. एका अर्थी तळे म्हणजे राज्याची बॅटरी.

विरोध झाला का? झाला तर! तळे सुंदर आहे, ते बिघडेल, असे म्हणणारे होते. शिवाय तळ्याला स्वतःचे पाणी पुरेसे नव्हते. म्हणून क्र्युन या गावाजवळ बंधारा घालून इझार नदीचे पाणी तळ्याकडे वळवायचे ठरले. तुम्हाला आठवत असेल, म्युनिकमधून वाहते तीच ही नदी. इझारवर लाकडांचे तराफे वाहून नेणारे लोक होते, नदीकाठची गावे होती. त्यांनी काय करायचं?

जून १९१८ मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळाने मंजुरी दिली. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युद्ध संपले, राजा गेला, सरकार बदलले. पण तळ्याचे काम थांबले नाही. उलट, युद्धावरून परतलेल्या बेकार माणसांना काम हवेच होते. मिलर या कामाचे सरकारी प्रमुख होते. ते पासष्टीकडे झुकले होते आणि माणूस मोठा हट्टी होता. मला तर वाटतं, हट्टी नसता तर तळे तसेच राहिले असते.

मग आले १९२३ साल. जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने रूर भाग ताब्यात घेतला, म्हणजे जर्मनीच्या कोळशाचे कोठारच. कोळसा मिळेना. त्याच वर्षी जर्मनीत महागाई अशी भडकली की पावासाठी टोपलीभर नोटा न्याव्या लागत. इंधन दुसरीकडून येत असेल तर काय होऊ शकते, हे बव्हेरियाच्या लोकांना कुणी शिकवायची गरज उरली नाही. आणि जानेवारी १९२४ मध्ये वाल्खेनझेचे वीजघर सुरू झाले. त्याची ताकद १२४ मेगावॉट. त्या काळी जगातल्या मोठ्या जलविद्युत केंद्रांत त्याची गणना होत होती. अर्धी यंत्रे राज्याच्या तारांच्या जाळ्यासाठी होती आणि अर्धी रेल्वेसाठी.

हीच वर्षे महाराष्ट्रातही महत्त्वाची होती. टाटांनी लोणावळ्याच्या तळ्यांतले पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली होती. रचना अगदी वाल्खेनझेसारखी: वर तळी, खाली वीजघर, दूर शहर. पुढे मुळशीला धरण बांधायचे ठरले, तेव्हा शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. धरण झाले, गावे बुडाली. तुमच्या आजी-आजोबांपैकी कोणी पुण्याकडचे असेल तर त्यांना मुळशीबद्दल जरूर विचारा. वीज साठवायला जागा लागते, आणि ती जागा कोणाची तरी असते.

बरं, आता वही-पेन्सिल घ्या. हिशेब सोपा आहे.

एक हजार लिटर पाणी, म्हणजे एक टन, २०० मीटर खाली सोडले की साधारण अर्धा युनिट वीज मिळते. (युनिट म्हणजे घरच्या विजेच्या बिलावर असते तेच, किलोवॉट-तास.) अर्धा युनिट म्हणजे वॉशिंग मशीनमध्ये एकदा कपडे धुवायला लागते तेवढी वीज. एक टन पाणी आणि एकदाच कपडे! वाल्खेनझे तळे सुमारे १६ चौरस किलोमीटरचे आहे. त्याची पातळी एक मीटर खाली आली, तर किती टन पाणी गेले? १ कोटी ६० लाख टन. त्यातून मिळाले सुमारे ८० लाख युनिट.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. अणुवीज केंद्रात एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून साधारण ४० हजार युनिट वीज मिळते. म्हणजे एक किलो युरेनियम बरोबर वाल्खेनझेचे ८० हजार टन पाणी. पुन्हा वाचा, चूक नाही. मोठ्या अणुभट्टीला वर्षभरासाठी सुमारे २०० टन नैसर्गिक युरेनियम पुरते. तेवढ्यापासून केलेले इंधन एका मोठ्या खोलीत मावते. दोन-तीन वर्षांचा साठा करून ठेवणेही शक्य आहे. अणुऊर्जेच्या बाजूने बोलणारे लोक म्हणतात की इंधनाचा साठा हाच विजेचा साठा, वेगळे तळे कशाला हवे? त्यांचे हे म्हणणे हलक्यात घेऊ नका.

पण युरेनियम येते कुठून? गंमत म्हणजे युरेनियमचा शोधच जर्मनीत लागला, १७८९ मध्ये, बर्लिनच्या मार्टिन क्लाप्रोट यांनी लावला. अणू फुटतो हा शोधही बर्लिनचाच, डिसेंबर १९३८ चा. ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन यांनी प्रयोग केला. लीझे माइटनर यांना ज्यू घराण्यातल्या म्हणून काही महिन्यांपूर्वीच देश सोडून पळावे लागले होते. त्यांनी आपला भाचा ओटो फ्रिश याच्याबरोबर त्या प्रयोगाचा अर्थ लावला. त्या प्रयोगाची उपकरणे एका टेबलावर मांडलेली आज कुठे आहेत, सांगा पाहू? मिलर यांच्या डॉइचेस म्युझियममध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत, सॅक्सनी आणि थुरिंगियात, युरेनियमच्या प्रचंड खाणी चालल्या. १९४६ ते १९९० या काळात तिथून २ लाख टनांहून जास्त युरेनियम निघाले. ते सगळे सोव्हिएत संघाकडे गेले, आणि त्या खाणींतल्या हजारो कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. खाणी बंद झाल्यावर जर्मनीचे युरेनियम परदेशातूनच येऊ लागले. आणि इंधन देणारा देश रुसला तर? हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, ते अमेरिकेच्या इंधनावर. १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि त्यानंतर अमेरिकेने हळूहळू हात आखडता घेतला. शेवटी १९८० च्या दशकात फ्रान्सने इंधन दिले. म्हणजे रूरच्या कोळशाचीच गोष्ट, फक्त इंधन बदलले.

मिलर यांना यातले काही पाहायला मिळाले नाही. वाल्खेनझेनंतर पुढच्याच वर्षी, ७ मे १९२५ रोजी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, इझारच्या बेटावरचे संग्रहालय उघडले. १९०३ मध्ये सुरू केलेले काम बावीस वर्षांनी पुरे झाले. सामान्य माणसाने यंत्राला हात लावावा, ते चालवून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. १९३० मध्ये त्यांनी सबंध जर्मनीसाठी विजेच्या एका जाळ्याचा आराखडा सरकारला दिला. उत्तरेचा कोळसा आणि दक्षिणेचे पाणी एकमेकांना जोडायचे, असा त्याचा रोख होता. १९३३ मध्ये हिटलरचे सरकार आले. नव्या राज्यकर्त्यांशी मिलर यांचे जुळले नाही आणि त्या वर्षी त्यांनी संग्रहालयाचे काम सोडले. ९ एप्रिल १९३४ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले. अणू फुटण्याच्या शोधाला अजून चार वर्षे होती.

त्यांच्या अखेरच्या काळात जर्मनीत साठवणीची एक पुढची पायरीही आली होती. वाल्खेनझेचे पाणी एकदा खाली गेले की गेले, ते परत वर येत नाही. पाऊस आणि नदी तळे भरतात. पण १९३० मध्ये रूर नदीवर हर्डेके इथे असे केंद्र सुरू झाले की जिथे रात्री जास्तीच्या विजेने पाणी पंपाने वर चढवायचे आणि दिवसा खाली सोडायचे. चार युनिट घातले की साधारण तीन परत मिळतात. एक युनिट वाया जाते, पण वेळेवर मिळालेली वीज महाग असते, म्हणून परवडते. महाराष्ट्रातही घाटघरला अशी सोय आहे, २५० मेगावॉटची.

मग अशी केंद्रे जर्मनीत पुरेशी आहेत का? पाणी चढवून साठवणारी जर्मनीतली सगळी केंद्रे एकत्र धरली तर साधारण ४ कोटी युनिट साठवता येतात. ऐकायला खूप वाटतं. पण जर्मनीला एका दिवसाला सुमारे १३० कोटी युनिट वीज लागते. भागाकार तुम्हीच करा. साठा एक तासही पुरत नाही. बॅटऱ्या झपाट्याने वाढत आहेत, घराघरांत, गाड्यांत, मोठमोठ्या आवारांत. त्या मिळवल्या तरी अजून गोष्ट तासांचीच आहे. आणि जर्मनीत हिवाळ्यात कधी कधी आठवडाभर ना सूर्य दिसतो ना वारा सुटतो. त्याला जर्मन लोकांनी एक खास शब्द केला आहे, ‘डुंकेलफ्लाउटे’, म्हणजे अंधारी सामसूम. त्या आठवड्यासाठी बॅटरी पुरणार नाही, आणि नवीन वाल्खेनझे बांधायला तेवढे डोंगरही नाहीत. म्हणून काही इंजिनिअर म्हणतात की उन्हाळ्यातल्या जास्तीच्या विजेने हायड्रोजन वायू तयार करावा आणि जमिनीखालच्या मिठाच्या थरांतल्या पोकळ्यांमध्ये तो भरून ठेवावा. त्यात बरीच वीज वाया जाते आणि खर्चही मोठा आहे. पण हिवाळ्यापर्यंत टिकेल असा साठा तो आहे.

माझं मत विचाराल तर, या वादात दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीचा एकच आकडा पाठ करतात. एक बाजू एक किलो युरेनियमची ताकद सांगते आणि ते कोणाच्या खाणीतून आले, उरलेला किरणोत्सारी कचरा कुठे ठेवायचा हे सांगत नाही. जर्मनीने त्या कचऱ्यासाठी कायमची जागा अजून ठरवलेली नाही. दुसरी बाजू सूर्य आणि वारा फुकट आहे हे सांगते आणि अंधाऱ्या आठवड्याचे गणित टाळते. मिलर यांची मला आवडणारी गोष्ट ही की त्यांनी कागदावरचा हिशेब आणि डोंगरातला बोगदा दोन्ही करून दाखवले, आणि एकाच तळ्यावर सगळे राज्य चालेल असे त्यांनी मानले नाही. त्यांनी तळे जाळ्याला जोडले. तळे थोडे, नदी थोडी, कोळसा थोडा, आणि मधे तार.

आता नकाशावर पुन्हा लाउफेन शोधा, १८९१ ची ती तार जिथून निघाली ते गाव. तिथून नेकार नदीच्या काठाने काही किलोमीटर गेलात की नेकारवेस्टहाइम लागते. तिथे अणुवीज केंद्र होते. त्यातली दुसरी अणुभट्टी जर्मनीतल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्यांपैकी एक. वाल्खेनझेची एक मीटर पातळी जेवढी वीज देते, तेवढी ती भट्टी सहा तासांत देत असे. १५ एप्रिल २०२३ रोजी ती बंद झाली.

वाल्खेनझेचे वीजघर मात्र शंभर वर्षांनंतरही चालू आहे. वर्षाला सुमारे ३० कोटी युनिट वीज ते देते. पण त्याची किंमत इझारने मोजली. क्र्युनच्या बंधाऱ्याखाली नदीचे पात्र कित्येक दशके जवळजवळ कोरडे पडलेले असे, नुसते पांढरे गोटे. लोकांनी खूप वर्षे मागणी केल्यावर १९९० पासून नदीत थोडे पाणी सोडले जाते. वीजघराला हे पाणी वापरण्याची जी परवानगी आहे तिची मुदत २०३० मध्ये संपते. त्यानंतर तळ्याला किती पाणी द्यायचे आणि नदीत किती राहू द्यायचे, यावर बव्हेरियात आत्तापासूनच वाद चालू आहेत.